कामधंदा आणि आत्महत्या : रकान्यांमागचे गणित

देशातील अपघाती मृत्यू आणि आत्महत्या यांचा अहवाल राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडून दरवर्षी प्रसिद्ध होतो. त्यात एक तक्ता असतो. आत्महत्या केलेल्या व्यक्ती कोणता कामधंदा करीत होत्या, त्यानुसार त्यांची विभागणी या तक्त्यात केलेली असते. २०२१ सालच्या तक्त्यात एकूण १,६४,०३३ मृत्यूंची नोंद आहे. त्यांपैकी ४२,००४ जण, म्हणजे २५.६ टक्के, रोजंदारीवर काम करणारे होते. २३,१७९ गृहिणी होत्या. स्वयंरोजगार करणारे २०,२३१, पगारदार १५,८७०, बेरोजगार १३,७१४ आणि विद्यार्थी १३,०८९ होते. शेतीवर पोट असणारे १०,८८१ होते. त्यांत ५,३१८ शेतकरी आणि ५,५६३ शेतमजूर. उरलेले मुख्यतः ‘इतर’ या रकान्यात आहेत.

हा तक्ता अकरावी-बारावीच्या वर्गापुढे ठेवला, तर एखादा चलाख विद्यार्थी लगेच म्हणेल, ‘‘बेरोजगार तर आठ टक्क्यांच्या आसपासच आहेत. मजूर त्यांच्या तिप्पट आहेत. म्हणजे काम नसण्यापेक्षा काम असणेच अधिक धोक्याचे!’’ या विद्यार्थ्याला हसण्याचे कारण नाही. वर्तमानपत्रांतले मथळेही पुष्कळदा याच रीतीने तयार होतात. एखाद्या वर्षी बेरोजगारांचा आकडा शेतकऱ्यांच्या आकड्यापुढे गेला, की तेवढीच बातमी होते. विधानात चूक कोठे आहे हे शोधू लागलो, की आपल्याला ‘काम असणे’ आणि ‘काम नसणे’ या शब्दांचा अर्थच तपासावा लागतो. विकसनशील देशांतील आत्महत्यांचा प्रश्न समजून घेण्याची वाटही तेथूनच जाते.

छेद कोणता घ्यायचा?

पहिली चूक साधी आहे. तक्त्यात फक्त अंश दिलेला आहे, छेद दिलेला नाही. देशात मुळात बेरोजगार किती आणि मजूर किती, हे कळल्याशिवाय धोका कोणाला अधिक हे सांगता येत नाही. सायकलच्या अपघातांपेक्षा पायी चालणाऱ्यांचे अपघात जास्त झाले, एवढ्यावरून सायकल सुरक्षित ठरत नाही. तसेच हे.

छेद मिळवण्यासाठी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमबल सर्वेक्षणाकडे जावे लागते. जुलै २०२० ते जून २०२१ या वर्षात १५ वर्षांवरील दर १०० व्यक्तींपैकी ५४.९ जण श्रमबलात होते. म्हणजे काम करीत होते किंवा काम शोधत होते. त्यांपैकी ४.२ टक्के बेरोजगार होते. ५४.९ चे ४.२ टक्के म्हणजे सुमारे २.३. शंभर प्रौढांत जेमतेम सव्वादोन बेरोजगार, आणि आत्महत्यांत त्यांचा वाटा मात्र ८.४ टक्के! वाटा लोकसंख्येच्या साडेतीन पटींहून अधिक झाला.

हाच हिशेब मजुरांचा करू. प्रत्यक्ष काम करणारे शंभरात ५२.६ होते. त्यांपैकी २३.३ टक्के नैमित्तिक मजूर, म्हणजे शंभर प्रौढांत सुमारे १२.३. गुन्हे नोंदणी विभागाचे रोजंदारीवाले आणि शेतमजूर एकत्र केले, तर आत्महत्यांत त्यांचा वाटा २९ टक्के येतो. गुणोत्तर सुमारे २.४. नियमित पगार असणारे शंभर प्रौढांत ११.१ आणि आत्महत्यांत ९.७ टक्के, गुणोत्तर ०.९ च्या आत. मजूर आणि पगारदार हे दोन गट संख्येने जवळजवळ सारखे असूनही आत्महत्यांतील त्यांच्या वाट्यात तिपटीचा फरक पडतो. दोघांनाही ‘काम आहे’. फरक आहे तो उद्याचे काम ठरलेले आहे की नाही, याचा.

चलाख विद्यार्थ्याचे विधान उलटे झाले, असे म्हणून येथे थांबता आले असते. पण हिशेब ढोबळ आहे हे विसरता येत नाही. एकाचे वर्ष जुलैपासून, दुसऱ्याचे जानेवारीपासून. एकात १५ वर्षांखालील मुले नाहीत, दुसऱ्यात आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बेरोजगार कोणाला म्हणायचे, याची सर्वेक्षणाची व्याख्या वेगळी आणि पोलिसांची समजूत वेगळी. वर घेतलेला ४.२ टक्क्यांचा आकडा ‘नेहमीच्या स्थिती’चा आहे. वर्षातून तीसेक दिवस एखादे दुय्यम काम केलेला माणूसही त्यात काम करणारा ठरतो. मागील आठवड्यात एक तासही काम केले नाही आणि काम शोधत होता, अशी आठवड्याची कसोटी लावली तर त्याच वर्षाचे बेरोजगारीचे प्रमाण ७.५ टक्के होते. नुसती व्याख्या बदलली की आपले साडेतीनचे गुणोत्तर बरेच खाली घसरते. स्वयंरोजगारवाल्यांचे गुणोत्तर तर एकाच्याही पुष्कळ खाली येते. याचे एक उघड कारण असे, की सर्वेक्षण घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणाऱ्या बाईलाही स्वयंरोजगारात धरते, आणि पोलिसांच्या कागदावर तीच बाई गृहिणी असते.

रकाना कोण भरतो?

अहवालातील प्रत्येक आकडा कोठल्या तरी पोलीस ठाण्यातून निघालेला असतो. अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, घरच्यांचे जबाब होतात आणि मग ‘व्यवसाय’ या रकान्यात एक शब्द लिहिला जातो. एकच शब्द. आता आपल्या गावातील माणसे डोळ्यांपुढे आणा. दीड एकर कोरडवाहू जमीन असलेला, खरिपानंतर ऊसतोडीला जाणारा आणि उन्हाळ्यात बांधकामावर मजुरी करणारा माणूस शेतकरी, शेतमजूर की रोजंदारीवाला? एम.पी.एस.सी.ची तयारी करीत पुण्यात खोली घेऊन राहिलेला २८ वर्षांचा पदवीधर विद्यार्थी की बेरोजगार? नवऱ्याइतकीच शेतात खपणारी, पण सातबाऱ्यावर नाव नसलेली स्त्री कोण?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तक्त्यातच आहे. २०२१ साली आत्महत्या केलेल्या ४५,०२६ स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक गृहिणींच्या रकान्यात आहेत. त्यांत खरोखर किती जणी घराबाहेर राबत होत्या हे तक्ता सांगत नाही. आपल्या राज्यात शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला सरकारी मदत देताना जमिनीची आणि कर्जाची नोंद पाहून प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवले जाते. मदतीला काही नियम हवेत, हे खरे. पण ‘अपात्र’ हा शब्द अर्जाबद्दलचा आहे, मृत्यूच्या कारणाबद्दलचा नाही, हे आपण पुष्कळदा विसरतो.

वर्गवारी बदलली की आकडे कसे उड्या मारतात, याचे उत्तम उदाहरण २०१४ सालचे आहे. २०१३ मध्ये ‘शेतीतील स्वयंरोजगार’ या रकान्यात ११,७७२ मृत्यू होते. पुढल्या वर्षी विभागाने नवी विभागणी केली; शेतकरी आणि शेतमजूर वेगळे केले. शेतकऱ्यांचा आकडा ५,६५० वर आला आणि शेतमजुरांच्या नव्या रकान्यात ६,७१० मृत्यू दिसले. वर्षभरात शेतकऱ्यांचे हाल निम्मे झाले नव्हते. रकाने बदलले होते. रोजंदारीवाल्यांचा वेगळा रकानाही त्याच वर्षीचा. त्या वर्षी त्यांचा वाटा १२ टक्के होता. तो २०१९ मध्ये २३.४, २०२० मध्ये २४.६ आणि २०२१ मध्ये २५.६ टक्के झाला. सात वर्षांतील ही दुप्पट वाढ सगळीच खरी मानावी असे आम्हाला वाटत नाही. पूर्वी जे ‘इतर’मध्ये जात, त्यांतील काही नवा रकाना अंगवळणी पडल्यावर योग्य जागी जाऊ लागले असणार. पण २०१९ मधील ३२,५६३ वरून दोन वर्षांत ४२,००४, ही टाळेबंदीच्या काळातील वाढ केवळ कारकुनी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. विशेष म्हणजे २०२० ते २०२१ या एका वर्षात बेरोजगारांचा आकडा १५,६५२ वरून १३,७१४ वर उतरला. रोजंदारीचा मात्र चढला.

नोंदीबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. २०२१ मध्ये बिहारमध्ये ८२७ आत्महत्यांची नोंद झाली. दर लाख लोकसंख्येमागे ०.७. केरळचे प्रमाण २६.९ होते. दारिद्र्याने आत्महत्या वाढतात असे सरळ समीकरण मांडणाऱ्याला हे आकडे अडचणीचे आहेत. पण यातला किती फरक माणसांतला आणि किती नोंदवह्यांतला, हेही पाहावे लागते. घरोघर जाऊन मृत्यूचे कारण विचारणाऱ्या एका मोठ्या भारतीय अभ्यासाने २०१० सालासाठी सुमारे १,८७,००० आत्महत्यांचा अंदाज काढला होता. पोलिसांच्या नोंदीत त्या वर्षी १,३४,५९९ होत्या. बदनामीची भीती आणि कायद्याचा धाक ही नोंद लपवण्याची जुनी कारणे. आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंडविधानाच्या ३०९ व्या कलमाखाली गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची धार बोथट केली आणि १ जुलै २०२४ पासून दंडविधानच बदलले, तेव्हा ते कलम गेले.

बेकार राहणे कोणाला परवडते?

आता मूळ कोड्याकडे येऊ. आपल्यासारख्या देशात बेरोजगारीचे प्रमाण इतके कमी कसे? उत्तर विचित्र वाटेल, पण खरे आहे. गरिबाला बेकार राहणे परवडत नाही. युरोपातील अनेक देशांत नोकरी गेली की बेकारभत्ता मिळतो. माणूस काही महिने योग्य काम शोधू शकतो. आपल्याकडे नोकरी गेलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात नाक्यावर उभा राहतो, भाजीची गाडी लावतो किंवा भावाच्या शेतावर जातो. सर्वेक्षणात तो ‘काम करणारा’ राहतो. जे ‘बेरोजगार’ म्हणून नोंदले जातात, त्यांत शिकलेल्या आणि घरच्यांच्या आधारावर थांबू शकणाऱ्या तरुणांचा भरणा मोठा असतो.

बेकारीने मनाचे काय होते, याचा प्रसिद्ध अभ्यास ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावातला आहे. १९२९-३० मध्ये तेथील कापड गिरणी बंद पडली आणि बहुतेक सारे गाव एकदम रिकामे झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण संशोधकांनी गावाचा अभ्यास केला. १९३३ मध्ये त्यांचे पुस्तक आले. त्यांची निरीक्षणे आजही वाचण्यासारखी आहेत. बेकारांना वेळच वेळ होता. तरीही वाचनालयाची वर्गणी रद्द केल्यानंतर पुस्तके नेण्याचे प्रमाण वाढले नाही, निम्म्याजवळ घसरले. रस्त्याने जाणाऱ्या पुरुषांची चाल मंदावली, ते मध्येच थांबत राहिले. दिवसभर काय केले हे त्यांना सांगता येईना. बायकांच्या मागे घरकाम होते, त्यांची चाल तेवढी मंदावली नाही. पुढे याहोडा यांनी मांडले की नोकरी पैशाखेरीज आणखी काही गोष्टी देते : दिवसाला आकार, घराबाहेरची माणसे, सामाईक हेतू, समाजातले स्थान आणि नियमित हालचाल. पगाराबरोबर हे सारे जाते.

आपल्याकडे मारिएनथालशी ताडून पाहता येईल असे गाव म्हणजे मुंबईचे गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांतील फार मोठी संख्या पुन्हा गिरणीत परतली नाही. पण ते मारिएनथालसारखे रिकामे बसले का? पुष्कळ जण कोकणात आणि घाटावर गावी गेले; बाकीच्यांनी राखणदारी, हमाली, फेरीचा धंदा असे मिळेल ते धरले. याहोडा यांच्या यादीतील ‘हालचाल’ त्यांना मिळाली. ‘दिवसाचा आकार’ आणि ‘स्थान’ गेले. भोंगा गेला, पाळी गेली, महिन्याचा पगार गेला. युरोपातील अभ्यास ज्याला ‘बेकारी’ म्हणतात त्याची झळ आपल्याकडे अशी कामाच्या आतच येऊन बसते. म्हणून ‘काम आहे की नाही’ ही युरोपातील रेघ आपल्याकडे तशीच ओढली, तर धोक्यातला मोठा भाग रेघेच्या सुरक्षित बाजूला पडतो.

कोंबडी आधी की अंडे आधी?

सुजाण वाचक येथे विचारील : बेकारीमुळे नैराश्य येते, की नैराश्य किंवा दारू यांमुळे काम सुटते? शंका रास्त आहे. दोन्ही घडते. उत्तर शोधण्याची एक युक्ती म्हणजे ज्यांची नोकरी स्वतःच्या कोणत्याही गुणदोषामुळे गेलेली नाही, अशांकडे पाहणे. कारखानाच बंद पडला तर चांगला आणि वाईट कामगार एकदमच बाहेर पडतात. डेन्मार्कमध्ये अशा बंद कारखान्यांतील कामगारांचा मागोवा घेतला गेला तेव्हा त्यांच्यात आत्महत्येचे व आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण इतरांहून अधिक आढळले. म्हणजे नोकरी जाण्याचा स्वतःचा असा परिणाम आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६३ देशांच्या अभ्यासाने २००० ते २०११ या काळात दरवर्षी सुमारे ४५,००० आत्महत्यांचा संबंध बेकारीशी जोडला; त्या देशांतील एकूण आत्महत्यांचा हा सुमारे पाचवा हिस्सा.

मात्र हा परिणाम सगळीकडे सारखा नाही, आणि आशेची जागा नेमकी तेथे आहे. युरोपातील देशांच्या २००९ मधील एका अभ्यासात बेकारी एक टक्क्याने वाढली की ६५ वर्षांखालील लोकांतील आत्महत्या सुमारे ०.८ टक्क्याने वाढताना दिसल्या. पण ज्या देशांनी नोकरी गमावलेल्यांना पुन्हा कामाला लावण्यावर भरपूर खर्च केला, तेथे हा संबंध पुसट होत गेला. भूकंप तोच, पण इमारत भक्कम असली की पडझड कमी, तसे.

तीन देशांतून

श्रीमंत देशांचे सोडून देऊ. जगातील आत्महत्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे सांगतात. अशा देशांत इमारत भक्कम करता येते का?

इंडोनेशियात २००७ पासून गरीब कुटुंबांना रोख मदत देण्याची योजना टप्प्याटप्प्याने, काही तालुक्यांत आधी आणि काहींत नंतर, सुरू झाली. त्यामुळे तुलना करायला आयतीच सोय झाली. योजना पोहोचलेल्या भागांत आत्महत्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी कमी झाले. त्याच अभ्यासात असेही दिसले की पावसाने दगा दिला आणि शेतीचे उत्पन्न बुडाले की आत्महत्या वाढतात, आणि रोख मदत हा धक्का सौम्य करते. मराठवाड्यातील वाचकाला यावर भाष्य नको. ब्राझीलमध्ये ‘बोल्सा फामिलिया’ या योजनेची मदत मिळणाऱ्यांत आत्महत्येचे प्रमाण, तशाच परिस्थितीतील पण मदत न मिळालेल्यांच्या निम्म्याच्या आसपास आढळले. अर्थात मदत मिळवू शकणारी कुटुंबे मुळातच थोडी सावरलेली असू शकतात. म्हणून इंडोनेशियाचा पुरावा आम्हाला अधिक वजनदार वाटतो.

तिसरे उदाहरण श्रीलंकेचे. ते मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण ते आपल्या आतापर्यंतच्या विवेचनाला थोडा छेद देते. १९९० च्या दशकाच्या मध्यात श्रीलंकेचे आत्महत्येचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी होते. १९९५ पासून तेथील सरकारने अतिविषारी कीटकनाशकांवर क्रमाक्रमाने बंदी घातली. पुढील दोन दशकांत प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. संशोधकांनी या काळातील बेकारी, दारूचे व्यसन, घटस्फोट, यादवी युद्ध या सर्वांचे आलेख शेजारी ठेवून पाहिले. घसरणीचे स्पष्टीकरण त्यांपैकी कशानेच होईना. लोकांची दुःखे कमी झाली नव्हती, पण संकटाच्या त्या काही तासांत हाताशी येणारी वस्तू कमी घातक झाली होती. आत्महत्येचा आवेग बहुधा अल्पकाळ टिकतो आणि त्यातून वाचलेली बहुसंख्य माणसे पुढे आत्महत्येने मरत नाहीत. आर्थिक कारणांवर इलाज करायला वर्षे लागतात. हा उपाय त्यांची वाट पाहत नाही.

वर्गात बोलताना

हा विषय वर्गात काढावा की नाही, असे शिक्षक विचारतात. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत खरी नाही. मोकळेपणाने विचारणारे कोणी भेटले तर मुलांना हलके वाटते. पथ्य एवढेच, की कोणाचे नाव, कृतीची पद्धत आणि ‘नोकरी गेली म्हणून’ किंवा ‘नापास झाला म्हणून’ असे एककारणी वाक्य टाळावे. लाखो लोकांची नोकरी जाते आणि ते जगतात. नोकरी जाणे, कर्ज, दारू, घरातील भांडण, उपचार न झालेला मानसिक आजार यांतील दोन-तीन गोष्टी एकत्र येतात, तेव्हा धोका वाढतो. आणि त्यांतील एक जरी बाजूला काढता आली, तरी तो कमी होतो.

घरातील कामधंदा बुडाला की तो कोणत्याही सर्वेक्षणाच्या आधी शाळेत दिसतो. सहलीचे पैसे येत नाहीत, मुलगा सोमवारी गैरहजर राहतो, वडील एकाएकी भर दुपारी शाळेच्या फाटकाशी दिसू लागतात, दहावीतील मुलगी शिक्षण सोडण्याची भाषा करते. अशा घरी पोहोचवण्यासारखी एक माहिती शिक्षकांजवळ असावी : केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६. ती चोवीस तास चालते, फुकट आहे, आणि तेथे मराठीत बोलता येते.